दार पुढे असलेली कॅराव्हॅन

१९३५ सालची एक कॅराव्हॅन डोळ्यांसमोर आणा. अठरा-एकोणीस फूट लांब, रंग न दिलेल्या चकचकीत अ‍ॅल्युमिनिअमची, नाक गोल, शेपूट निमुळती. लांबून पाहिलं तर पंख उपटलेलं विमानच. आता आत जायचं म्हणून दार शोधायला लागा. डाव्या बाजूला दार नाही, उजव्या बाजूला नाही. दार आहे थेट पुढे, जिथे ती मोटारीला जोडतात तिथे. म्हणजे मोटार जोडलेली असताना आत शिरायचं तर मोटारीची डिकी आणि कॅराव्हॅनचं नाक यांच्या बेचक्यात घुसायचं, जोडणीच्या दांड्यावरून पाय पलीकडे टाकायचा आणि मग दार गाठायचं. हातात दुधाचं भांडं असेल तर बघायलाच नको.

हे दार तिथे ठेवणारा माणूस काही वेडा नव्हता. अमेरिकेतल्या उत्तम ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बांधणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याचं नाव विल्यम हॉली बोलस, कॅराव्हॅनचं नाव रोड चीफ. कॅलिफोर्नियातल्या सॅन फर्नांडो इथे १९३४ च्या सुमारास त्याने ती बांधायला घेतली, जेमतेम ८० नग तयार केले आणि १९३६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दोन वर्षांचा कारभार. तरीही पुढच्या काळात जगभर जी चंदेरी कॅराव्हॅन चित्रांत, जाहिरातींत, कॅलेंडरांवर दिसत राहिली तिचा मूळपुरुष हाच. हे कसं झालं ते समजायचं तर आधी कॅराव्हॅन नावाची वस्तू मुळात काय आहे ते बघावं लागेल. ती दिसते तेवढी साधी नाही.

आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटलं की आत पलंग नि छोटा ओटा बसवलेली व्हॅन किंवा बस नजरेसमोर येते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा बातम्यांतले फोटोही तशाच गाड्यांचे होते. इथे बोलतोय ती जात वेगळी. हिला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही. मोटारीच्या मागे जोडून ओढायची, मुक्कामावर सोडवून ठेवायची आणि मोटार घेऊन गावात भाजी आणायला जायचं. शब्द मूळचा फारसी, आपल्या ओळखीचा कारवाँ तोच. ब्रिटिशांनी तो या चाकाच्या घराला चिकटवला. अमेरिकन माणूस त्याला ट्रेलर म्हणतो आणि अनेक ट्रेलर रांगेने निघाले की त्या तांड्याला कॅराव्हॅन म्हणतो, जे मूळ अर्थाला जास्त धरून आहे. मी आपला एकीलाच कॅराव्हॅन म्हणणार आहे.

आता गोम अशी, की घराला चाकं लावली की कॅराव्हॅन होते असं आपल्याला वाटतं. १९३० च्या आसपास अमेरिकेतल्या बहुतेक कारखानदारांनाही तसंच वाटत होतं. सुताराने लाकडी चौकट उभी करायची, वर मॅसोनाइट ठोकायचं, छताला ताडपत्रीसारखं कापड. मॅसोनाइट म्हणजे लाकडाच्या भुग्याचा लगदा दाबून केलेली फळी. जुन्या कपाटांच्या पाठीला लावलेली असते ती, पाणी लागलं की पापडासारखी फुगते ती. अशी खोली एका जागी उभी असेल तोवर ठीक. पण ती खोली ताशी ७०-८० किलोमीटरने धावू लागली की तीन शत्रू उभे राहतात.

पहिला वजन. हे सगळ्यांना कळतं. चढावर ओढायला जड, उतारावर थांबवायला त्याहून जड. त्या काळची फोर्डची नवी व्ही-८ मोटार ६५ ते ८५ अश्वशक्तीची होती, म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकएवढी. आणि ती तर त्या वेळी जोरदार गाडी समजली जायची.

दुसरा वारा. हा लबाड शत्रू आहे, कारण हळू चालताना तो जाणवतच नाही. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो विरोध कापत दुप्पट वेगाने जायचं तर इंजिनाला आठपट ताकद लावावी लागते. शिवाय लोकांना वाटतं की पुढचं तोंड टोकदार केलं की झालं. खरी चोरी मागच्या बाजूला होते. धावत्या बसच्या मागे रस्त्यावरचा पाचोळा आणि कागदाचे कपटे कसे तिच्याच मागे पळत सुटतात, आठवून पाहा. चौकोनी पाठीमागे हवेला पटकन एकत्र येता येत नाही. तिथे पोकळी पडते, भोवरे उठतात आणि ती पोकळी गाडीला मागे खेचत राहते. पाचोळा त्या खेचण्यातच सापडलेला असतो. शेपूट हळूहळू निमुळती केली तर दोन्हीकडून आलेली हवा गुपचूप जुळते. मासा तसा असतो तो उगाच नाही.

तिसरा शत्रू हादरा. घराच्या भिंतीला आयुष्यात एखादा भूकंप सोसावा लागतो, कॅराव्हॅनच्या भिंतीला दर किलोमीटरला सोसावा लागतो. लाकडी सांधे सैल होतात, सांध्यातून पाणी शिरतं आणि मॅसोनाइटचं काय होतं ते वर सांगितलंच.

हलकं हवं, वाऱ्याला धार्जिणं हवं आणि हादऱ्याने खिळखिळं होता कामा नये. ही यादी वाचून सुताराला घाम फुटेल. विमान बांधणाऱ्याला मात्र ती रोजच्या कामाची यादी वाटेल. त्यातही ग्लायडर बांधणाऱ्याला जास्तच. विमानाला इंजिन असतं, त्यामुळे थोड्या चुका ताकदीने झाकता येतात. ग्लायडरला इंजिनच नाही. एक किलो जास्त झाला की ते खाली बसणार. कॅराव्हॅनलाही इंजिन नाही. दोन्ही दुसऱ्याच्या जिवावर निघतात.

बोलस हा मुरलेला ग्लायडरवाला. जन्म १८९६ चा. ऑर्व्हिल राइटने १९११ मध्ये इंजिनाशिवाय ९ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहून विक्रम केला होता. जर्मनांनी तो दहा वर्षांत मोडला, पण अमेरिकेत तो तसाच पडून होता. १९२९ मध्ये सॅन दिएगोजवळच्या पॉइंट लोमाच्या कड्यावर समुद्रावरून येणारा वारा कड्याला आपटून वर चढतो, त्या वाऱ्यावर स्वार होऊन बोलसने तो अमेरिकेतला विक्रम मागे टाकला. पुढच्याच वर्षी त्याने चार्ल्स लिंडबर्ग आणि अ‍ॅन मॉरो लिंडबर्ग या जोडप्याला ग्लायडर शिकवलं. अ‍ॅन ही पहिल्या दर्जाचा ग्लायडर परवाना मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री.

लिंडबर्गशी बोलसची ओळख जुनी होती. १९२७ मध्ये लिंडबर्ग ज्या विमानातून एकटा न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहतीस तासांत गेला, ते स्पिरिट ऑफ सेंट लुइस सॅन दिएगोच्या रायन कंपनीत बांधलं गेलं. एका जुन्या मासळीच्या कारखान्याच्या इमारतीत, साठ दिवसांत. आराखडा डोनाल्ड हॉलचा, बांधणीवर देखरेख बोलसची. म्हणून रोड चीफबद्दल लिहिताना बहुतेक जण ठोकून देतात की ही कॅराव्हॅन त्या विमानासारखीच बांधलेली होती.

हे साफ चूक आहे आणि मला ते दर वेळी खटकतं. स्पिरिट ऑफ सेंट लुइसचं धड म्हणजे पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं सुती कापड आणि कापडाला रोगण. पंख लाकडाचे. जे.आर.डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं ते पस मॉथ विमानही याच घराण्यातलं, नळ्या आणि कापड. अशा विमानात कापड फक्त हवा अडवतं. सगळा भार नळ्या घेतात. रोड चीफची कल्पना याच्या बरोबर उलट आहे. तिचं नातं बोलसच्या स्वतःच्या ग्लायडरांशी आहे. सॅन फर्नांडोत त्याने अल्बट्रॉस नावाची देखणी ग्लायडरं केली होती. त्यांत माणूस बसतो तो भाग प्लायवूडचं एक सलग कवच होता. कवचच भार पेलायचं.

कवच भार पेलतं म्हणजे काय, हे समजायला भेळेच्या गाडीवर जावं. भेळवाल्याकडचा वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा एका कोपऱ्याला धरला तर तो मान टाकतो. त्यावर चार कुरमुरे ठेवले तरी घसरतील. भेळवाला तोच कागद मनगटाला एक झटका देऊन गुंडाळतो, कोन करतो, आणि आता त्यात चटणी, कांदा, फरसाण घातलेली अख्खी भेळ राहते. कागद तोच, वजन तेवढंच. फक्त तो वळवला. सपाट पत्र्याला वाकायला सगळीकडे मोकळीक असते. वळवलेल्या पत्र्याला वाकायचं तर त्याला आधी ताणावं किंवा चेपावं लागतं, आणि ते सहजी होत नाही. नारळाची करवंटी, अंड्याचं टरफल, सगळ्यांची हीच युक्ती. तंत्रज्ञ याला मोनोकॉक म्हणतात. फ्रेंच लोकांनी दिलेला शब्द, अर्थ एक-कवच. आत थोड्या बरगड्या घातल्या तर सेमी-मोनोकॉक. रोड चीफ ही अशी बरगड्यांची. फरशीखाली हलका सांगाडा, भिंतीत मोजक्या बरगड्या, बाकी सगळं वळवलेल्या पत्र्यावर.

परिणाम काय? एवढ्या लांबीच्या कॅराव्हॅनचं वजन सुमारे ५०० किलो. चार-पाच धडधाकट माणसांनी धरून सरकवावी इतकी.

इथे पत्रा आणि रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारा धातूचा खिळा, यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण कंपनी कशाने बुडाली याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

माझे मामा बसची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात होते. लहानपणी एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. उघडा सांगाडा उभा होता आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा लावायचं काम चाललं होतं. बाहेर एक जण हवेच्या दाबावर चालणारी हातोडी घेऊन तडतडतडतड करत होता. दर तडतडीनंतर पत्र्याच्या आतून कोणीतरी टकटक करायचं. एक टकटक झाली की बाहेरचा पुढच्या भोकाकडे सरकायचा, दोन झाल्या की त्याच जागी परत. आत कोण आहे म्हणून मी वाकून पाहिलं. एक सडपातळ माणूस उकिडवा बसला होता, हातात गुळगुळीत लोखंडी ठोकळा.

“ती डॉली,” मामा म्हणाले. “बाहेरून रिपिट मारायची, आतून डॉली टेकवायची. टोक चेपून पसरतं नि दोन पत्रे धरून ठेवतं. लोकांना वाटतं मारणारा कारागीर. अरे, आतल्याचा हात हलला की रिपिट वाकडी. मग ड्रिलने काढा नि परत मारा.”

रिव्हेटला कारखान्यात सगळे रिपिटच म्हणतात. एक रिपिट म्हणजे खूण करणं, भोक पाडणं, भोकाची धार साफ करणं, तात्पुरती पकड लावणं, मग दोन माणसांनी मिळून मारणं. बसच्या बाबतीत तरी आत लोखंडी सांगाडा उभा असतो, पत्रा काढला तरी बस कोसळत नाही. कवचाच्या बांधणीत प्रत्येक रिपिट भार वाहते, म्हणून अंतर मोजून हवं आणि वाकडी चालायची नाही. पूर्ण कवचाला अशा रिपिटा हजारोंच्या घरात लागतात.

वेल्डिंग का नाही करायचं? कारण हा पत्रा साध्या अ‍ॅल्युमिनिअमचा नसतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनिअम आपल्या परातीचं, बोटाने दाबलं तरी पोचा येतो. विमानाला लागतं ते ड्युराल्युमिन, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअममध्ये साधारण ४ टक्के तांबं आणि इतर धातू चिमूटभर. हे हाती लागलं ते जवळजवळ अपघाताने. जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा संशोधक १९०६ च्या सुमारास मिश्रधातू तापवून पाण्यात बुडवत होता, जसं पोलाद करतात तसं. पोलाद लगेच कडक होतं. हे काही झालं नाही. शनिवारी काम अर्धवट टाकून गेला, सोमवारी येऊन मोजलं तर धातू आपोआप कडक झालेला. आतले तांब्याचे कण सावकाश जागा शोधून बसतात आणि धातूच्या थरांना एकमेकांवर घसरू देत नाहीत, याला दिवस लागतात. वेल्डिंगची आच लागली की ही सगळी घडी विस्कटते आणि नेमका सांध्यापाशी पत्रा मऊ पडतो. म्हणून रिव्हेट.

आता त्या दाराकडे येऊ. अंड्याला लहानसं भोक पाडलं तरी ते टिकतं, पण बाजूने नखभर रुंद चीर दिली की बोटाच्या दाबाने बसतं. कवचाचा जोर सलगपणात आहे. कॅराव्हॅन रस्त्यावरून जाताना वाकते ती लांबीत, पुढचं टोक जोडणीवर आणि मधला भाग चाकांवर. हा वाकवणारा भार पेलतात त्या दोन लांब बाजू. त्यातल्या एकीत माणूस जाईल एवढी उंच फट पाडायची म्हणजे नेमका खांदा कापायचा. खिडक्या वर असतात, लहान असतात, त्यांच्याभोवती जाड पट्टी देता येते. दार जमिनीपासून छतापर्यंत. बोलसने हिशेब केला आणि दार नाकात ठेवलं. बाजू अभंग राहिल्या, वाऱ्यालाही अडथळा नाही.

ग्लायडरवाल्याच्या दृष्टीने उत्तर बिनचूक होतं. पाहुणे आल्यावर दांड्यावरून उडी मारणाऱ्या बाईसाहेबांच्या दृष्टीने ते उत्तर कसं होतं, हे त्याने विचारलं असेल असं वाटत नाही. माझं मत विचाराल तर रोड चीफचं सगळं नशीब या एका दारात दिसतं.

गोष्ट अशी सांगतात की पहिली कॅराव्हॅन विकायला नव्हतीच. ग्लायडरच्या स्पर्धा आडरानात, टेकड्यांवर व्हायच्या. सोबतच्या लोकांच्या झोपण्या-जेवणाची सोय म्हणून बोलसने हाताशी असलेलं ज्ञान नि पत्रा वापरला. लोक ग्लायडर बघायला यायचे आणि कॅराव्हॅनचा भाव विचारून जायचे. शेजारी बर्बँकला लॉकहीड, थोडं पलीकडे सँटा मोनिकाला डग्लस. अ‍ॅल्युमिनिअमची विमानं त्याच परिसरात बाळसं धरत होती. पत्रा वळवण्याची आणि रिपिटा मारण्याची विद्या तिथल्या हवेतच होती.

आणि बाजार? बाजार तर उसळला होता. महामंदीने माणसं बेकार झाली होती, घरं गेली होती. कोणी हौसेने, कोणी नाइलाजाने चाकावरच्या घराकडे वळत होतं. रॉजर बॅबसन हे त्या काळचे नावाजलेले आर्थिक भविष्यवेत्ते. त्यांनी सांगून टाकलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायला लागेल. वेड्यासारखा धंदा सुटला होता.

पण तो धंदा करत होतं कोण? डेट्रॉइटचा आर्थर शर्मन. हा मूळचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९२९ मध्ये त्याने पाच मिनिटांत उभी राहते अशी जाहिरात असलेली घडीची कॅराव्हॅन आणली. पावसात ती उभी करता करता तास गेला. वैतागून त्याने सुताराकडून मॅसोनाइटची पेटी करून घेतली, तिला कव्हर्ड वॅगन असं नाव दिलं आणि बघता बघता देशातला सगळ्यात मोठा कॅराव्हॅन कारखानदार झाला. १९३६ मध्ये त्याच्या कॅराव्हॅनची किंमत ४०० डॉलरच्या आत होती. मोटारींच्या कारखान्यांच्या गावात मोटारींसारखीच रांगेने बनवलेली.

समोर बोलस. चारशेच्या आतल्या माणसाशी त्याची गाठ होती आणि त्याची वस्तू हजार डॉलरच्या वर्गातली होती. त्या वेळी नवी फोर्ड मोटार पाचशे-साडेपाचशे डॉलरला मिळायची. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं महाग. बैलापेक्षा गाडीची किंमत दुप्पट झाली तर शेतकरी काय म्हणेल?

साचे, ठोकळे, आकार देणारी यंत्रं यांचा खर्च एकदाच होतो. समजा तो ८,००० डॉलर झाला. ६,००० नग काढले तर एका नगावर सव्वा-दीड डॉलर पडतो, विसरून जावा इतका. ८० नग काढले तर एकेकावर १०० डॉलर. त्यावर रिपिटा मारणाऱ्या दोघा-दोघांची मजुरी, आणि ती कितीही नग काढले तरी फारशी कमी होत नाही. सुतार मॅसोनाइटची भिंत एका दुपारी ठोकतो. वळवलेल्या पत्र्याची भिंत तशी होत नाही. बोलसला जास्त खप हवा होता तर किंमत उतरायला हवी होती आणि किंमत उतरवायला खप. लहान कारखानदाराच्या मानेवर बसणारं हे भूत जगात सगळीकडे एकच आहे. त्यात हा माणूस दुकानदार नव्हताच. त्याचं चित्त ग्लायडरांत होतं.

दुकानदार दुसरा होता. वॉली बायम, बोलसच्याच वयाचा, जाहिराती आणि मासिकं यांच्या धंद्यातून आलेला. ‘स्वतःची कॅराव्हॅन स्वतः बांधा’ अशा नकाशांचा टपालाने व्यापार करून त्याने सुरुवात केली होती. पुढे लॉस एंजेलिसमध्ये मॅसोनाइट नि प्लायवूडच्या कॅराव्हॅन विकू लागला. रोड चीफ त्याने पाहिली, तीही विकली, आणि तिच्यात काय आहे ते ओळखलं. १९३६ मध्ये बोलसचा कारखाना बसला आणि त्याच वर्षी बायमच्या एअरस्ट्रीम कंपनीची क्लिपर बाहेर आली. रिव्हेटचा अ‍ॅल्युमिनिअम पत्रा, तेच गोल नाक, तीच निमुळती शेपूट. पॅन अमेरिकन कंपनीच्या प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या क्लिपर विमानांचं तेव्हा सगळीकडे कौतुक होतं, नाव तिथून उचललेलं. आत चार जण झोपतील, दिवे, पाण्याची टाकी, ज्यादा पैसे दिले तर कोरड्या बर्फावर चालणारी थंड हवेची सोय. किंमत १,२०० डॉलर.

आणि दार बाजूला.

बस्स, ठळक फरक एवढाच. बायमने खांदा कापला, कापलेल्या जागी चौकट मजबूत केली, थोडं वजन वाढवून घेतलं. त्या बदल्यात पाहुणे सरळ आत चढू लागले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, त्याची किंमतही कमी नव्हती, रोड चीफच्याच पंक्तीतली होती. मग तो कसा तगला? एक तर त्याच्या दुकानात मॅसोनाइटची स्वस्त मॉडेलंही होती, रोजची मीठ-भाकरी ती मिळवत होती आणि क्लिपर मानाच्या पानासारखी मांडलेली. दुसरं, तो कॅराव्हॅन विकतच नव्हता, तो भटकंती विकत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तर त्याने गिऱ्हाइकांचे तांडेच काढले. १९५९-६० मध्ये केप टाउनहून कैरोपर्यंत ४१ कॅराव्हॅन घेऊन गेला.

मग बायमने चोरी केली का? हा प्रश्न जुन्या कॅराव्हॅनवाल्यांत अजून रंगतो. माझ्या मते चोरी हा शब्द जास्त होतो. बुडालेल्या घरातला देव त्याने उचलून आपल्या देव्हाऱ्यात ठेवला. पण मूळ देवघर कोणाचं ते पुढे अनेक वर्षं कोणी फारसं सांगितलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनिअम सगळं विमानांकडे गेलं. एअरस्ट्रीम बंद पडली, बायम विमान कारखान्यात कामाला लागला. बोलस मात्र आपल्या मूळ धंद्यातच होता, सैन्यासाठी सामान वाहणारी मोठी ग्लायडरं करत होता. अल्बट्रॉसच्या दिवसांत रिचर्ड ड्यु पाँ हा धनाढ्य घरातला तरुण त्याचा भागीदार होता, त्यानेच त्या ग्लायडरवर विक्रम केले होते. युद्धात तो अमेरिकन हवाई दलाच्या ग्लायडर कार्यक्रमाचा प्रमुख सल्लागार झाला. ११ सप्टेंबर १९४३ रोजी कॅलिफोर्नियातल्या मार्च फील्डवर बोलसच्याच नव्या ग्लायडरचं प्रात्यक्षिक चालू होतं. ते कोसळलं आणि त्यात ड्यु पाँ गेला. बोलसने त्यानंतर कॅराव्हॅनचा धंदा पुन्हा उभा केला नाही. १९६७ मध्ये तो वारला.

विमानवाल्यांचं आणि कॅराव्हॅनचं हे सूत अमेरिकेपुरतं नव्हतं. जर्मनीत एरिख बाखेम या अभियंत्याने युद्धाच्या शेवटी उभं उडणारं रॉकेट-विमान केलं होतं. १९५७ मध्ये त्याने एर्विन हायमरसोबत छोटी कॅराव्हॅन काढली. एरिखमधलं एरि, बाखेममधलं बा: एरिबा. विमानं करायची बंदी आली की या मंडळींचे हात इकडे वळायचे.

१९४७ चा एक फोटो आहे. फ्रेंच सायकलपटू आल्फ्रेड लेटुर्नर सायकलवर बसलाय आणि मागे अख्खी एअरस्ट्रीम ओढतोय. बायमचीच शक्कल. कंपनीने पुढे हे चित्र आपल्या चिन्हात घेतलं. त्यात लेटुर्नरच्या पोटऱ्यांचं कौतुक आहेच, पण सायकलने हलेल इतकी हलकी खोली बांधायची रीत सॅन फर्नांडोतली.

त्याच रीतीची सगळ्यात दूरची पोच १९६९ ची. चंद्रावरून परतलेल्या तिघांनी तिथले जंतू आणले असले तर, या भीतीने त्यांना कोंडून ठेवायचं होतं. नासाने त्यासाठी एअरस्ट्रीमचं चाकं काढलेलं ३५ फुटी कवच वापरलं. हॉर्नेट या युद्धनौकेवर राष्ट्राध्यक्ष निक्सन वाकून मागच्या काचेतून आतल्या तिघांशी बोलताहेत, हा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. काचेभोवतीच्या पत्र्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

मूळच्या ८० पैकी ज्या रोड चीफ वाचल्या त्या आता संग्रहालयांत आणि हौशी धनिकांच्या गॅरेजांत आहेत. दहा-बारा वर्षांपूर्वी बोलसचं नाव घेऊन एक नवी कंपनी निघाली आणि तिने रोड चीफ परत बांधायला घेतली. आत आता लिथियमची बॅटरी आहे, गरम पाणी आहे, किंमत लाखभर डॉलरच्या पुढे. पत्रा अजून रिव्हेटनेच जोडलेला.